वाटीभर दूध

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. स्टीलची, पाच लिटरची, घट्ट झाकणाची. माझ्याकडून काही गोडगोड ऐकायला मिळेल अशा आशेनं बसला असाल, तर आत्ताच उठा. सतरा वर्षं दूध वाहिलं म्हणून माझा स्वभाव काही दुधासारखा झालेला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते नगरमधलं भांड्यांचं दुकान. तिथं एका बापानं लेकीच्या लग्नासाठी मला पसंत केलं आणि दुकानदारानं टकटक करत माझ्या पोटावर नाव कोरलं, 'पंकजा हिस आईवडिलांकडून'. रुखवतात मी लाडवांच्या शेजारी ऐटीत बसले होते. बायका मला उचलून बघायच्या आणि म्हणायच्या, "केवढी जड हाय गं बाई!" मग पंकजाबरोबर मी राजूरजवळच्या तिच्या सासरी आले. तिथं माझ्या पोटावरचं नाव कुणी वाचलंच नाही. घर पंकजाच्या नवऱ्याचं, सुनीलचं, आणि सत्ता त्याच्या आईची, चांगुणाची.

चांगुणा मला रोज चुलीतल्या राखेनं आणि काथ्यानं घासायची. अशी घासायची की माझ्यात बघून भांग पाडावा. "चांगुणाबाईची किटली बघा," असं गावातल्या बायका एकमेकींना सांगायच्या, आणि मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

सकाळी सातला रस्त्यावर दुधाचा टेम्पो येतो आणि गावोगावचं दूध घेऊन राजूरला जातो. टेम्पोपर्यंत मला न्यायचं काम पंकजाच्या लेकीचं, संस्कृतीचं. ती माझ्या झाकणावर बोटांनी ताल धरायची आणि सगळे दात दाखवून हसायची. घरात कुणाशी नसेल इतकं ती माझ्याशी बोलायची.

ती अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट सांगते. मला भरायला त्या दिवशी उशीर झाला. टेम्पोचा हॉर्न वाजला आणि संस्कृती पळत सुटली. ओट्याच्या पायरीवरून तिचा पाय निसटला. पडताना कुणीही हात पुढं टाकतं. ह्या पोरीनं दोन्ही हातांनी मला सरळ धरून ठेवलं. दूध वाचलं. तिचं तोंड माझ्या काठावर आपटलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट निखळून मातीत पडला. माझ्याही काठाला पोचा आला. तिचा दात मी पाडला, हे मी लपवत नाही.

चांगुणा धावत आली. तिचा पहिला प्रश्न ऐका.

"दूध सांडलं का गं?"

"न्हाई, आज्जी," पोर म्हणाली. तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

नशीब तिचं, की गावची आशाताई मोनिका तेव्हाच गोळ्या वाटत दारात आली होती. तिनं धुतलेल्या फडक्याची घडी संस्कृतीच्या तोंडात दिली आणि म्हणाली, "दाबून धर." मग मातीतला दात उचलला. मुळाला बोट न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून.

"चांगुणामावशी, वाटीभर दूध द्या बिगीबिगी. दात दुधात ठिवायचा आन् तासाच्या आत राजूरला दाताच्या डॉक्टरकडं न्यायचा. परत बसतोय त्यो."

"दुधात हाड घालू? तेबी रगताचं?" चांगुणा कडाडली. "उद्या गाईच्या सडातनं रगात यायला लागलं म्हंजे?"

"अवो, गाईचा काय संबंध? ह्यो दुधाचा दात न्हाई मावशी, कायमचा हाय. पुन्हा येनार न्हाई."

"येतोय! आमच्या घरात समद्यांचं आलं."

तिनं मोनिकाच्या हातातून दात हिसकावला. चुलीपाशी जाऊन चिमूटभर राख घेतली आणि मला घासते तस्साच खसाखसा घासला. मग अंगणात उभं राहून "चिमणीबाई, जुना घे, नवा दे," म्हणत पत्र्यावर भिरकावला. पत्र्यावर टण्ण आवाज झाला.

आणि मी कुठं होते? चार हातांवर. काठोकाठ भरलेली. मित्रांनो, वाटीभर दूध माझ्यातून कमी झालं असतं तर टेम्पोवाल्याला कळलंसुद्धा नसतं. गोठ्याच्या दारात पंकजा उभी होती. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सासूपुढं बोलायची तिची टाप नव्हती. मला तिचा भयंकर राग आला. अगं, माझ्यावर नाव तुझं आहे ना!

मोनिका सुनीलकडं वळली. "दादा, पत्र्यावर चढून दात काढा. टेम्पो राजूरलाच चाललाय, हिला बसवा की त्यात."

"दूध जाऊ दे आधी," सुनील म्हणाला. "पोरीला बाजाराच्या दिशी नेतो."

त्यानं मला उचललं आणि माझ्यातलं दूध टेम्पोतल्या कॅनमध्ये ओतलं. पंचवीस मिनिटांत दूध राजूरला पोचलं.

संस्कृती पाच दिवसांनी पोचली. मीही बरोबर होते, कारण माझा पोचा काढायचा होता. आधी माझाच नंबर लागला. भांडीवाल्यानं आतून चार ठोके दिले आणि दहा मिनिटांत मी पहिल्यासारखी झाले. मग आम्ही दातांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण देवश्री म्हणून होती, तरुण, शांत बोलणारी.

"दात कुठं आहे?" तिनं विचारलं.

"पत्र्यावर," सुनील म्हणाला.

तिनं पेन खाली ठेवलं. मग सांगितलं, की दाताच्या मुळावर एक पातळ जिवंत पापुद्रा असतो. घासला की तो जातो, वाळला की मरतो. त्या पहिल्या तासात दुधातून आणला असता, तर दात पुन्हा बसवून बघता आला असता. आता खोटा दात लावायचा, आणि पक्का तर ती मोठी झाल्यावरच. सुनीलनं मान हलवली आणि "बघू" म्हणाला. त्या 'बघू'ला चार वर्षं झाली.

शाळेत पोरं तिला 'खिडकी' म्हणू लागली. घरात तर आजीच हाक मारायची, "ए बोळके, किटली ने." संस्कृती आता तोंडावर हात ठेवून हसते. माझ्या झाकणावर तिनं पुन्हा कधी ताल धरला नाही. चांगुणा मात्र मला रोज घासते. राखेचा तो हात अंगावर फिरला की मला तो दात आठवतो.

आता गेल्या महिन्यातलं ऐका. तिचा धाकटा भाऊ ओंकार नऊ वर्षांचा. सकाळी अंगणात चेंडूफळी खेळताना शेजारच्या पोराची बॅट त्याच्या तोंडावर बसली. पुढचा दात मातीत. संस्कृती मला घेऊन निघालीच होती.

"किटली आना! किटली!" चांगुणा किंचाळत आली. "टाक गं त्यो दात दुधात! बघत काय बसलीस?"

होय मित्रांनो, तीच चांगुणा. मोनिकाचा शब्द न् शब्द तिच्या ध्यानात होता.

संस्कृतीनं दात उचलला. बरोबर वरच्या भागाला धरून. पण तो हातातच ठेवून ती म्हणाली, "आज्जी, गाईच्या सडातनं रगात येईल ना?"

"पोराचा दात हाय, बाई!"

संस्कृतीनं मान वर करून पत्र्याकडं बघितलं. खरं सांगू? मला वाटलं, फेकून दे तो दात पत्र्यावर. पण ओंकार रडत तिचा फ्रॉक ओढत होता. तिनं झाकण काढलं आणि दात माझ्यात सोडला.

सुनीलनं टेम्पो थांबवला. आज दुधाचा हिशोब मागं राहिला आणि पोरगं पुढं बसलं. चांगुणाही चढली आणि संस्कृती मला मांडीवर घेऊन बसली. अर्ध्या तासात दवाखान्यात. देवश्री डॉक्टरीणबाईंनी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. "अगदी वेळेत आणलात," त्या म्हणाल्या. "दुधात ठेवायचं कुणाला सुचलं?"

"मलाच की!" चांगुणा म्हणाली.

संस्कृतीनं तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धार तिनंच काढली. मला भरून ती सरळ आजीच्या पुढ्यात आली. झाकण उघडून मला तिच्या नाकापाशी धरलं.

"बघ आज्जी. रगात हाय का?"

दूध पांढरं होतं. चांगुणानं तोंड फिरवलं, तशी संस्कृती पुन्हा तिच्यासमोर गेली आणि हसली. हात खाली ठेवून, ती फट पुरती दिसेल अशी. गोठ्याच्या दारातून पंकजा हे बघत होती, आणि ती रडायला लागली.

मित्रांनो, माझं वय झालं, माझी कडी सैल झाली. मला राखेनं घासा नाहीतर अडगळीत टाका, मी काही मरत नाही. दात मरतो. पडून कुणी बेशुद्ध झालं, उलट्या झाल्या, रक्त थांबेना, तर दात शोधत बसू नका, मोठा दवाखाना गाठा. दाढेपायी गाल सुजून ताप आला, गिळता येईना, तरी लवंग चघळत दिवस काढू नका. आणि कायमचा दात निखळला तर मुळाला हात लावू नका, घासू नका, आधी वाटीभर दूध ओता आणि पळा. तो पोराचा की पोरीचा, ते दात बसल्यावर विचारा.