परातीवरची जागा

मन्नूबियाचा दिवस सुरू व्हायलाच रोज एक तास लागायचा. पहाटेच्या अजानीआधी तिला जाग यायची, पण जाग येणं वेगळं आणि उठणं वेगळं. रात्रभरात बोटं अशी आखडायची की अंगावरची चादर मनगटाने सारावी लागायची. मग भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायचं, पाणी कोमट करायचं, तसराळ्यात ओतायचं आणि दोन्ही हात त्यात बुडवून बसायचं. एकेक बोट उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. अंगठा सगळ्यांत शेवटी ऐकायचा.

हे सगळं घर झोपलेलं असताना. एकसष्टाव्या वर्षी बाईला स्वतःचे हात चोरून जागे करावे लागतात, ह्याचा तिला वीट आला होता. दुखणं एक वेळ सोसवतं. पण काल एवढं केलं त्याचं आज काहीच शिल्लक नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, ह्याने माणूस थकून जातं. महदिया शहरातल्या डॉक्टरणीने तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: हात चालते ठेवा, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने त्यांना विसावा द्या. मन्नूबियाने त्यातली पहिली गोष्ट घरी आणली आणि दुसरी दवाखान्यातच ठेवून आली. कारण जुलै संपत आला होता, आणि कुसकुसाचं वाळवण घालायच्या दिवसांत अर्ध्या तासाने हात पुसून बसणाऱ्या बाईला गल्ली काय म्हणते ते त्या पोरसवदा डॉक्टरणीला कुठून ठाऊक असणार.

त्यांच्या गल्लीत सात घरांचं वाळवण एकत्र व्हायचं. आज हिच्याकडे, दोन दिवसांनी तिच्याकडे. उजाडताच बायका जमायच्या, अंगणात लाकडी पराती मांडायच्या, रव्यावर मिठाचं पाणी शिंपडून तळव्याने गोल गोल फिरवत राहायच्या, जोवर त्या रव्याचे मोत्यासारखे दाणे होत नाहीत तोवर. मग चाळायचं, वाफवायचं आणि गच्चीवर पांढऱ्या चादरींवर पसरायचं. दुकानात पाकिटं मिळत नव्हती असं नाही. मन्नूबियाची सून इब्तिसाम कपड्यांच्या कारखान्यात कामाला जायची, तिने एकदा भीतभीत पाकिटाचा विषय काढला होता. सासूने तिच्याकडे असं पाहिलं की त्या बिचारीने पुढे वर्षभर दुकानातून मीठसुद्धा विचारून आणलं.

ह्या सात घरांच्या फेऱ्याला एकच कायदा होता. ज्या बाईच्या घरी बाळंतपण किंवा मयत असेल तिनेच गैरहजर राहायचं. बाकी जी येणार नाही ती रुसली. दुखतंखुपतं ही काही सबब नव्हती, कारण साठीपुढे दुखत नाही अशी बाई गल्लीत शोधून सापडली नसती. जिचे हात अगदीच गेले तिला घरी बसवत नसत, पाण्याच्या वाडग्यापाशी बसवत. तिने नुसतं मिठाचं पाणी शिंपडायचं, बिस्मिल्ला म्हणायचं आणि जुन्या गोष्टी सांगायच्या. मोठ्या मानाची जागा होती ती. बेया म्हातारी तिथे बसायची. दोन उन्हाळे बसली, तिसऱ्याला नव्हती. मन्नूबियाला ती जागा नको होती, इतकंच. तिला परात हवी होती. चाळीस वर्षं ती परातीवर बसली होती आणि बारीक दाणा काढावा तर मन्नूबियाने, असं आख्खी गल्ली म्हणायची.

पहिली तीन घरं तिने कशीबशी निभावली. सकाळी येताना हात कोमट पाण्यातूनच काढून यायचे. दुपारी वसीलाने किंवा आणखी कुणी शेजारणीने चहा दिला तर पेला दोन्ही तळव्यांत धरायचा, म्हणजे बोटं शेकली जायची आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजाला मात्र ती घरी जायची. कारण तिचे गुडघेही जमिनीला टेकत नव्हते, ती खुर्चीवर बसून नमाज पढायची, आणि ते चारचौघींत करायचं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच. नातवाला दूध द्यायचंय, असं म्हणून ती उठायची, अर्ध्या तासाने परत यायची आणि पुन्हा फिरवायला लागायची. संध्याकाळी घरी आल्यावर तिला जेवावंसंही वाटायचं नाही.

चौथं घर तुर्कियाचं. तुर्किया तिची लहानपणापासूनची मैत्रीण, अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. त्या दिवशी पहाटे मन्नूबियाने हात पाण्यात घातले आणि ते उघडलेच नाहीत. मनगटं सुजून लाल झाली होती. दुसऱ्यांदा पाणी तापवलं, तिसऱ्यांदा तापवलं. सूर्य वर आला. शेवटी तिने इब्तिसामला हाक मारली आणि तुर्कियाकडे जाऊन सांगायला लावलं की उम्मी येत नाही. काय कारण सांगू, असं इब्तिसामने विचारलं. काही सांगू नकोस, म्हणाली.

काही न सांगण्याचा अर्थ त्या गल्लीत एकच होतो. दुपारपर्यंत सातही घरांत झालं होतं की मन्नूबिया रुसली. संध्याकाळी तुर्कियाकडून ताटली आली. नव्या दाण्याचा पहिला घाणा, वर तूप, साखर आणि खजूर. आता ताटली परत करताना तिच्यात काहीतरी घालायचं असतं, चार अंजिरं, दोन अंडी, अगदीच नाही तर मूठभर साखर. घातलं म्हणजे मिटलं. रिकामी ताटली परत गेली म्हणजे राग अजून आहे.

मन्नूबिया त्या ताटलीकडे बराच वेळ बघत बसली. तिने डोकं लढवलं. रुसलेल्या बाईला कुणी वाडग्यापाशी बसवत नाही. रुसलेल्या बाईला घरी बसून हात शेकता येतात. रुसवा काय, आज आहे उद्या काढता येतो. पांगळेपण एकदा लोकांच्या तोंडी बसलं की निघत नाही. आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीवर खोटा आळ घेतो आहोत हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तरी तिने ताटली धुतली, पुसली आणि इब्तिसामला सांगितलं, "अशीच देऊन ये."

"रिकामी?" इब्तिसाम म्हणाली. "उम्मी, तुर्कियामावशी मला उंबऱ्यातच फाडून खाईल."

"तुला नाही खाणार. तू कुठे रुसली आहेस?"

त्यानंतर पाचवं घर झालं, सहावं झालं, मन्नूबिया गेली नाही. आठ-नऊ दिवस ती खिडकीपाशी बसून राहिली. तिला वाटलं होतं, विसावा मिळाला की हात ताळ्यावर येतील आणि सातव्या, तिच्या स्वतःच्या दिवशी ती थाटात परातीवर बसेल, रुसवा काढल्याचं सोंग आणील. झालं उलटंच. सूज उतरली, पण हात लाकडासारखे झाले. बसून बसून गुडघे धरले, मान धरली, खुर्चीतून उठताना ती स्वतःवरच चिडू लागली. काम करताना हात दुखायचे खरे, पण तेव्हा ते तिचे होते. आता मांडीवर ठेवलेले हे हात दुसऱ्याच कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखे वाटत होते. गल्लीतून पराती फिरल्याचा आवाज यायचा, बायकांचं हसू यायचं, आणि ती नातवाला उगाच ओरडायची.

तिच्या घरच्या वाळवणाच्या आदल्या दुपारी तुर्किया आली. दार न वाजवता आत आली, धापा टाकत समोर बसली आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. मन्नूबियाने हात ओढणीखाली घेतले.

"उद्या तुझा दिवस आहे," तुर्किया म्हणाली. "आम्ही यायचं की नाही ते सांग. रुसलेल्या घरी रवा फिरवला तर दाण्यात अळ्या पडतात."

मन्नूबिया खिडकीबाहेर बघू लागली.

"अगं बोल की बाई. शिव्या दे. नऊ दिवस झाले, मला माझ्याच अंगणात चहा गोड लागत नाही. काय चुकलं माझं?"

रुसलेल्या माणसाचं अशा वेळचं उत्तर ठरलेलं असतं. मन्नूबियाकडे दुसरं कुठलंच उत्तर नव्हतं, म्हणून तिने तेच दिलं. "तुझं तुला ठाऊक."

तुर्कियाचा चेहरा उतरला. एरवी एका वाक्यावर दहा वाक्यं टाकणारी ती बाई खाली मान घालून बोटातली अंगठी फिरवत बसली. मन्नूबियाला आश्चर्य वाटलं. तुर्कियाला खरंच काहीतरी ठाऊक होतं.

"वसीलाने सांगितलं ना तुला?" शेवटी तुर्किया म्हणाली. "मला वाटलंच होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण मन्नूबिया, देवाशपथ सांगते, आम्ही तुला हसायला नाही केलं ते."

मन्नूबियाने ओढणीखालचे हात आणखी आत घेतले.

"तुझे दाणे सारखे होत नव्हते. काही मोठे, काही नुसता भुगा. मोठे आतून ओले राहतात, डिसेंबरात बुरशी धरतात. हे मी तुला काय सांगायचं, तूच आम्हाला शिकवलंस. मग तू असरला घरी गेलीस की आम्ही तुझी परात घ्यायचो. मी आणि वसीला. पुन्हा चाळायचो, पुन्हा फिरवायचो, आणि तू यायच्या आत होती तशी तुझ्या जागेवर ठेवायचो. बस. एवढंच."

"कधीपासून?" मन्नूबियाने विचारलं. आपला आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"हा दुसरा उन्हाळा."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

तुर्किया उत्तर द्यायला वेळ घेऊ लागली, तेव्हा मन्नूबियाला कळून चुकलं. सगळ्यांना. परत येऊन ती जेव्हा आपली परात बघायची आणि मनात म्हणायची की अजून जमतंय, हात गेलेले नाहीत, तेव्हा सहा बायका मुकाट्याने आपापल्या रव्याकडे बघत असायच्या. गेल्या वर्षी तर तिने वसीलाच्या सुनेला स्वतःच्या परातीतला दाणा चिमटीत घेऊन दाखवला होता, बघ, असा व्हायला हवा. तो दाणा तुर्कियाचा होता. मन्नूबियाला रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही. दोन वर्षं पहाटे उठून तिने जे झाकलं होतं ते झाकलेलं नव्हतंच. झाकत होत्या त्या बाकीच्या सगळ्या.

"वसीला काही बोलली नाही मला," ती म्हणाली. "मला कुणीच काही सांगितलं नव्हतं."

"म्हणजे?" तुर्किया बघत राहिली. "मग रुसली कशावर होतीस?"

मन्नूबियाने ओढणी बाजूला केली आणि हात पुढे धरले. बोटं एका अंगाला कललेली, गाठी वर आलेल्या. मूठ करून दाखवायला गेली तर अर्धीच झाली.

तुर्किया काही वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग तिला राग आला, आणि तो खरा राग होता. "आणि त्यासाठी मला रिकामी ताटली पाठवलीस? माझ्या पोरीला मी नऊ दिवस छळतेय, तूच काहीतरी बोलली असशील म्हणून. रडवलं मी तिला! हात दुखतात, एवढं म्हणायला तुला काय दातखीळ बसली होती?"

"म्हटलं असतं तर तुम्ही वाडग्यापाशी बसवलं असतं."

"बसवलं असतंच. त्यात काय वाईट आहे? बेया बसायची."

"बेया बसली ती उठलीच नाही, तुर्किया. पहिल्या वर्षी नुसते तिचे हात गेले होते. दुसऱ्या वर्षी तिला दारापर्यंत धरून आणावं लागायचं. मी ह्या नऊ दिवसांत बसून बघितलंय काय होतं ते."

बाहेर कुणीतरी गच्चीवरची चादर झटकत होतं. तुर्कियाने उठून स्वतःच पाणी घेतलं, एक पेला मन्नूबियालाही भरला, आणि तिला तो दोन्ही तळव्यांत धरताना बघून नजर वळवली. मग विचारलं, उद्याचं काय करायचं ते सांग.

"या तुम्ही सगळ्या," मन्नूबिया म्हणाली. "मी परातीवरच बसेन. अर्धा तास फिरवेन, मग थांबेन, मग पुन्हा फिरवेन. आणि असरला मी कुठे जाणार नाही. माझं जे बिघडेल ते पुन्हा चाळायचं तर माझ्यासमोर चाळा."

"समोर? अगं, तुलाच सहन नाही होणार."

"नाहीच होणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. वाडग्यापाशी कुणी बसलं नाही, पाणी जिचं तिने शिंपडलं. मन्नूबियाने परातीत हात घातले तेव्हा अंगण जरा जास्तच शांत होतं, आणि मग कुणीतरी मुद्दाम टोमॅटोच्या भावाचा विषय काढला. नऊ दिवस बसलेले हात सुरुवातीला ऐकेनात. रवा तळव्याखालून निसटत होता. तिने घाई केली नाही. अर्धा तास झाल्यावर ती थांबली, हात मांडीवर घेतले आणि हळू आवाजात म्हणाली, "घे."

तुर्कियाने परात पुढे ओढली, तिच्यातलं चाळणीत ओतलं आणि चाळलं. निम्म्याहून जास्त चाळणीत वरच राहिलं. सगळ्या बायकांनी ते पाहिलं, मन्नूबियानेही पाहिलं. तुर्कियाने ते चुरून आपल्या परातीत पुन्हा फिरवायला घेतलं. तिचे जाड हात भराभरा गोल जात होते आणि त्यांच्याखाली दाणा होत होता, बारीक, सारखा, चाळीस वर्षांपूर्वी मन्नूबियानेच तिला शिकवला होता तसा. ते बघणं मन्नूबियाला बोटांच्या कळांपेक्षा जड गेलं.

तुर्किया थांबली तशी मन्नूबियाने रिकामी परात आपल्याकडे घेतली, तिच्यात मूठभर नवा रवा पसरला आणि पुन्हा फिरवायला लागली.