सर अँब्रोझ आणि बाळांची परिषद

जिनिव्हाला भांडणाऱ्या राष्ट्रांना एका टेबलाशी बसवून आलेले सर अँब्रोझ लेथब्रिज त्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत सुदृढ बाळ स्पर्धेचे परीक्षक झाले. दुसरं कोणी तयारच नव्हतं. गेल्या वर्षी पाद्रीबुवांच्या बायकोनं निकाल दिला, तेव्हापासून अर्धं गाव तिच्याशी बोलत नव्हतं. सर अँब्रोझना त्याची सवय होती. त्यांनी आखलेल्या सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक त्यांना सारख्याच शिव्या घालत, आणि तह न्याय्य झाल्याची खूण ते हीच मानत.

हेस्टरला बक्षिसाचा सोस नव्हता. पण तिचा आठ महिन्यांचा पर्सी अंगानं बारीक, आणि सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "आज नंबर आला नाही तर सोमवारपासून हा माझ्या घरी. डब्याचं दूध पाजून दाखवते. तुझ्या दुधात काही दम नाही."

जत्रेत तिच्या शेजारी दारूच्या गुत्त्यावरच्या गंड्रीबाई बसल्या होत्या. त्यांचा होरेस मांडीत मावत नव्हता.

"अगं हेस्टर, पोराला खायला घालतेस की नुसती हवा?"

"होरेसचं खाऊन उरलं की घालते."

सर बाळांकडे वळलेच नाहीत. एकेका आईला तंबूत बोलावून त्यांनी एकच विचारलं, "आपलं बाळ सोडून दुसरं कुठलं जिंकलं तर तुम्ही निमूट घरी जाल?"

हेस्टरनं खरं ते सांगितलं. होरेस.

मग सर बाहेर येऊन म्हणाले, "एक सोडून सगळ्या आयांनी एकच नाव घेतलं. जिनिव्हात इतकं एकमत मी कधी पाहिलं नाही. पर्सी व्हाउल्स."

टाळ्या मनापासून पडल्या. गंड्रीबाईंनी तर तिला मिठी मारली. हेव्याचा लवलेश कुणाच्या तोंडावर नव्हता, आणि हेस्टरला तेच खटकलं. ज्याची धास्ती नाही, असंच बाळ सगळ्यांनी निवडलं होतं.

"सर, माझा पर्सी खरंच सुदृढ आहे ना?"

"ते काही मी पाहिलं नाही," सर अदबीनं म्हणाले. "मी भांडण होऊ दिलं नाही, एवढंच."

ती तडक गावच्या नर्सच्या तंबूत गेली. "याचं वजन करा."

"जिंकलाय की! आता कशाला?"

"म्हणूनच."

नर्सनं काटा पाहिला, मागचं वजन आठवलं. "चांगला वाढलाय. बारीक आहे, पण चिवट. तुझंच दूध चालू ठेव."

हेस्टर बाहेर आली, तोवर सासूबाई बक्षिसाचा चांदीचा करंडक आपणच जिंकल्यासारखा छातीशी धरून गंड्रीबाईंना सांगत होत्या, "आमच्या घराण्याचं हाडच तसं."

"आई, करंडक तुमच्या घरी राहू दे," हेस्टर म्हणाली. "पर्सी माझ्या घरी राहील."

सासूबाईंनी एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा करंडकाकडे. करंडक चांगला जड होता.

"बरं," त्या म्हणाल्या.