खालच्या लेव्हलचं पाणी

रीता राहांगडाले बपेरा गावच्या धान पिकवणाऱ्या घरातली. नागपुरातल्या एका छोट्या कंपनीत ती ड्रायव्हर लिहायची, म्हणजे बाहेरच्या उपकरणांचं बोलणं कॉम्प्युटरच्या गाभ्याला, त्याच्या कर्नलला, समजावून देणारे प्रोग्राम. त्या दिवशी ती मँगनीजच्या खाणीवर आली, ती गॅसचं नवं मीटर काहीच दाखवत नाही म्हणून. आल्या आल्या तिनं सांगितलं, की मीटरचा जोड ढिला झालाय का ते कोणीतरी खाली जाऊन पाहावं. अमर नावाचा वायरमन हो म्हणून उतरला.

कंट्रोल रूममध्ये घनश्यामकाका होते. उभी हयात खाणीत गेलेला माणूस.

"खालच्या पाण्याचा आकडा बराबर येऊन राहिला, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या त्या मीटरातच काही बिघडलं असंन."

रीतानं लॅपटॉप जोडून कर्नलच्या नोंदींचा लॉग उघडला. खाणीत उतरणाऱ्या एकाच केबलवर सगळी उपकरणं बसवलेली होती. त्या सामायिक वाटेला बस म्हणतात. तिथे एका वेळी एकानंच बोलायचं. लॉगमध्ये मात्र ओळीमागून ओळ एकच तक्रार होती: बसवरून उत्तर नाही. नव्या मीटरनं लाइन दाबून धरली होती आणि ते बसवल्यापासून कोणाचाच शब्द वर आलेला नव्हता.

मग पाण्याचा आकडा कुठून येतोय?

स्क्रीनवर होतं एक मीटर वीस. तिनं उठून भिंतीवरच्या पेटीतली केबलच उपसून काढली.

स्क्रीनवर एक मीटर वीसच.

पाण्याच्या सेन्सरचा ड्रायव्हर तिच्याच कंपनीतला. तिनं तो उघडला. उत्तर आलं नाही, तर चूक कळवायची सोडून तो मागचाच आकडा गुपचूप पुढे सरकवत होता.

"काका, पाणी उपसायचा पंप कधीपासून बंद आहे?"

"सोमवारपासून म्हणा, हे मीटर बसवलं तवापासून. पाणी चढलं की आपोआप चालू होते तो. चढलंच नाही, त कायले चालू होईन?"

"नाही चढलं, हे कोणी डोळ्यांनी पाहिलं?"

घनश्यामकाकांनी तिच्या हातातल्या केबलकडे पाहिलं आणि फोन उचलला. खालच्या लेव्हलवर कोणी घेतला नाही. वरच्या लेव्हलवर कामगारांचा मुकादम, मेट हेमराज सापडला.

"हेमराज, खाली उतरायच्या शिडीपाशी जाऊन पाहून ये, पाणी कुठवर आहे."

"काहून, काका?"

"जाय म्हणतो ना!"

फोन चालूच राहिला. लांबून ड्रिलची घरघर, कोणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. मग धावत येणारी पावलं.

"काका, शिडीच्या खालच्या पायऱ्या दिसून नाही राहिल्या. हवाबी भारी लागून राहिली, डोकं गरगरते."

"सगळ्यायले वर काढ! अमर कुठी आहे?"

"तो खाली गेला ना, मीटर पाहाले."

साचलेल्या पाण्यानं जुन्या खोदकामातली खराब हवा वर ढकलली होती, आणि ती हवा ओळखणारं मीटरच मुकं होतं.

माणसं ने-आण करणारा पिंजरा वर आला. माणसं खोकत, एकमेकांना धरत बाहेर पडली. अमर त्यांच्यात नव्हता. तेवढ्यात कंट्रोल रूममधला फोन वाजला. खालच्या लेव्हलचा दिवा लागला होता.

"अमर? अमर, बोल ना रे!" घनश्यामकाका ओरडले. पलीकडे नुसती खरखर. त्यांनी रीताकडे पाहिलं. डोळ्यांत केवढी तरी आशा होती.

तिला खोटं बोलता आलं नाही. "तार ओली झाली की घंटी अशी वाजते, काका."

बचाव पथकाला अमर संध्याकाळी सापडला, शिडीच्या पायथ्याशी, पाण्यात.

रीतानं कंपनीत फोन लावला. "हा ड्रायव्हर आणखी कोणत्या खाणींत चालतोय?"

साहेब म्हणाले, "बऱ्याच ठिकाणी आहे. तू आत्ता कोणाशी बोलू नकोस. आधी आपण मीटिंग घेऊ."

तिनं फोन ठेवला आणि त्या खाणींचे फोन नंबर शोधायला बसली.