तीन बोटांची ढील

माधवीला गाडीबरोबर द्यायची माहितीपुस्तिका पंधरा दिवसांत हवी होती. मी चार महिने घेतले. पाने चाळीस, आणि त्यातला एक महिना एकट्या सतराव्या पानाने खाल्ला.

माधवी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून ती हिंगणघाटला परत आली आणि कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये मोटारसायकली बनवू लागली. रस्त्यावर चालवायच्या नव्हेत. मुरमाड टेकाडांवर पळवायच्या, उंचवट्यांवरून उडवायच्या, शर्यतीच्या. त्यांना दिवा नसतो, आरसा नसतो, नंबरही नसतो. इंजिन बाहेरून यायचं; सांगाडा, टाकी, मागचं चाक धरणारा चिमटा हे सगळं शेडमध्येच तयार व्हायचं. गाडीचं नाव तिने ‘रोही’ ठेवलं होतं, म्हणजे नीलगाय. तिचा फिटर तानबा म्हणायचा, ज्याले हाकलाले लोक वावरात रातभर जागतात त्याचंच नाव ठेवलं बाईनं, आता इकाची कशी.

मी चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. पुस्तकं लावली, दिली, परत घेतली. बरीच वाचलीही. मोटारसायकल मात्र कधी चालवली नाही. कोणाच्या मागे बसलो तरी डोळे मिटून घेतो. असल्या माणसाला हे काम का देतेस, असं मी माधवीला विचारलं होतं. ती म्हणाली, मोठे बाबा, तुम्हाला समजेल असं तुम्ही लिहिलं तर ते कोणालाही समजेल. मला ते पटलं नव्हतं. पण नाही म्हणायलाही मला वेळ लागतो, आणि तोवर ती कागद ठेवून गेली होती.

सतरावं पान चेनचं. रस्त्यावरच्या गाडीची चेन बऱ्यापैकी घट्ट असली तरी चालते. या गाडीचं तसं नाही. उडी मारून ती जमिनीवर येते तेव्हा मागचा शॉकअप खोल दबतो, चाक वर येतं, आणि त्या हालचालीत चाक आणि इंजिन यांच्यातलं अंतर वाढतं. चेन आधीच घट्ट असेल तर त्या क्षणी तिला द्यायला काही उरत नाही. ती तुटते. म्हणून गाडी स्टँडवर असताना चेन आणि चिमटा यांच्यामध्ये तीन बोटं मावली पाहिजेत. बघणाऱ्याला ती चेन लोंबल्यासारखी दिसते, पण तशीच ती बरोबर असते.

माधवीने हे मला गाडीवर बसून दाखवलं होतं, मला समजलं होतं, आणि पहिल्या खर्ड्यात मी ते सरळ लिहिलंही होतं. मग शंका सुरू झाल्या. तीन बोटं कोणाची? माझी बोटं काड्यांसारखी, तानबाचं एकेक माझ्या दीडपट. मिलिमीटर लिहावेत तर चालवणारा मैदानावर ते मोजणार कशाने? कारण लिहिलं, ते आठ ओळींचं झालं. वाचणारा म्हणेल, हा कोण आम्हाला शिकवणारा. कारण खोडलं. बोटं खोडली. ‘तुटते’ वाचून गिऱ्हाईक बिचकेल म्हणून तो शब्दही खोडला. अकराव्या खर्ड्यात जे उरलं ते छापून आलं: ‘चेन साधारणतः फार ताणलेली नसावी, असे सुचवले जाते.’ माधवीने छापण्यापूर्वी आकृत्या तेवढ्या तपासल्या. लिखाण मोठ्या बाबांचं आहे, ते काय बघायचं, असं ती म्हणाली होती.

पाचशे प्रती आल्या त्या दिवशी तिने मला तानबाला पुस्तिका वाचून दाखवायला सांगितलं. तानबाने चाळीस वर्षं जिनमध्ये काढली होती. तिथे लांब शाफ्टवर पट्टे फिरायचे. पट्टा ढिला पडला की घसरायचा, तापायचा, आणि शेजारी कापसाचा ढीग. ढिला पट्टा म्हणजे आग, एवढं तो शिकला होता, आणि त्याच्या नोकरीत त्याच्या खात्यात एकदाही आग लागली नव्हती. सतराव्या पानाशी त्याने मला थांबवलं. सुचवले जाते म्हणजे मर्जीची गोष्ट न, मास्तर, असं त्याने विचारलं. मी कधी कोणाला शिकवलं नाही, तरी तो मला मास्तर म्हणतो. मी म्हणालो, तसं नाही अगदी. पण कसं ते मी सांगितलं नाही. पुढचं पान उलटलं.

डिसेंबरात प्रभाकरराव गाडी बघायला येणार ठरलं. नागपूरबाहेर त्यांचं मैदान आहे, तिथे ते मुलामुलींना या गाड्या चालवायला शिकवतात. त्यांना एकदम दहा गाड्या हव्या होत्या. आतापर्यंत माधवीच्या चार तयार झाल्या होत्या. ती म्हणायची, या दहा गेल्या तर आपला कारखाना, नाही गेल्या तर आपली चार खेळणी.

गिरडच्या रस्त्यावर एक मुरमाड माळ आहे. तिथे जेसीबीने तीन उंचवटे करून घेतले होते. गाडी चालवणार होती गुंजन. ती सावंगीला फिजिओथेरपी शिकते, आणि सुटीच्या दिवशी हे उद्योग करते. मी पुस्तिकांचा एक खोका घेऊन टेम्पोत बसून गेलो. माझं तिथे दुसरं काही काम नव्हतं.

गाडी उतरवली, स्टँडवर घेतली, आणि तानबा तिच्याभोवती एक फेरी मारून मागच्या चाकाशी बसला. या गाडीची चेन माधवीने स्वतः लावली होती. त्याने ती बोटाने उचलून पाहिली. आपल्याशीच म्हणाला, पाव्हण्यासमोर अशी लोंबती कशी ठेवाव. पाना काढला, चाकाचा नट सैल केला, चाक मागे ओढलं, नट आवळला. दोन मिनिटांचं काम. मग फडक्याने चेन पुसून तो समाधानाने उठला.

मी जवळ गेलो. कोणी बघत नाही असं पाहून चेनखाली बोट घातलं. एक गेलं. दुसरं गेलं नाही.

मी माधवीकडे गेलो. ती प्रभाकररावांना सांगाड्याचे जोड दाखवत होती. मी बाजूला उभा राहिलो. तिचं वाक्य संपलं की बोलू असं ठरवलं. तिचं संपलं की त्यांचं सुरू व्हायचं. शेवटी म्हणालो, माधवी, ते सतरावं पान. ती म्हणाली, पुस्तिका नंतर देऊ, मोठे बाबा, आधी गाडी बघू द्या त्यांना. प्रभाकरराव माझ्याकडे बघून हसले. मी खोका उचलून दुसरीकडे ठेवला, जसं काही मी त्यासाठीच आलो होतो.

मग तानबाकडे गेलो. म्हणालो, चेन जरा घट्ट वाटते का? तो म्हणाला, घट्टच पाहिजे. मी म्हणालो, पण पुस्तिकेत… तो म्हणाला, पुस्तकात तुमीच त लिवलं का मर्जीवर हाये.

मी पुस्तिका उघडून सतरावं पान वाचलं. माझंच वाक्य, आणि त्यात धरायला काही नव्हतं. आता मला असंही वाटू लागलं की माझं समजण्यातच चुकलं असेल. चाळीस वर्षं यंत्रं हाताळलेला माणूस तो. मी यंत्राला हात लावला तो पुसण्यापुरता.

गुंजनने हेल्मेट चढवलं होतं. ती गाडीवर बसली तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. म्हणालो, बाळा, चेन एकदा माधवीला दाखव. इंजिन सुरू झालेलं होतं. तिने मान हलवली आणि अंगठा वर केला. शुभेच्छा देतोय असं तिला वाटलं असावं.

पहिल्या फेरीला काही झालं नाही. ती उंचवट्यांवरून हळू गेली. गाडी छान दिसत होती, आवाज छान होता. तानबाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बरं झालं जास्त बोललो नाही, असं मनात येऊन मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या फेरीला प्रभाकररावांनी हाताने खूण केली, उडव. ती तिसऱ्या उंचवट्यावरून उडाली, मागच्या चाकावर उतरली, आणि काडकन आवाज झाला. चेन तुटून चाकात अडकली. चाक थांबलं, गाडी आडवी झाली, गुंजन तिच्यापलीकडे जाऊन पडली.

आम्ही पळालो. मी सगळ्यांत मागे. पोहोचलो तोवर ती उठून बसली होती आणि स्वतःचं मनगट स्वतःच दाबून बघत होती. मोडलं नाही, मुरगळलंय, असं तिने सांगितलं. तानबा चेनचा तुकडा हातात घेऊन उभा होता आणि तिच्याकडे नव्हे, त्या तुकड्याकडे बघत होता. गुंजनने हेल्मेट काढलं. मला बघून म्हणाली,

“आजोबा, तुम्ही मघाशी काहीतरी सांगत होता ना?”

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“काही नाही,” मी म्हणालो. “सांभाळून जा म्हणत होतो.”

प्रभाकररावांनी गाडी उभी केली, चिमट्याला हात लावला, चाकाच्या नटाची खूण पाहिली. चेन फार ताणलेली होती हे त्यांना कळलं. त्यांनी खोक्यातून पुस्तिका काढली, चेनचं पान शोधलं, आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग विचारलं, हे लिहिलं कोणी.

माधवीने माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी,” ती म्हणाली.

ते म्हणाले, पोरी, गाडी चांगली आहे, पण ज्यांना चेन लावता येत नाही आणि लिहिताही येत नाही त्यांच्या गाडीवर मी लोकांची मुलं बसवू कशी. दोन महिन्यांनी फोन करा, बघू. ते ज्या पद्धतीने म्हणाले त्यावरून दोन महिन्यांनी काय होणार ते सगळ्यांना समजलं. पुस्तिका त्यांनी परत खोक्यात ठेवली, नीट, पालथी.

 गुंजनला सावंगीला सोडलं. शेडवर आल्यावर माधवी आतल्या खोलीत जाऊन गुंजनच्या आईला फोन लावून बसली. तानबाने नवी चेन काढली. हाताला काम असलं म्हणजे बरं, तसा तो कामाला लागला. चेन चढवली, चाक मागे ओढलं, आणि पुन्हा नट आवळायला घेतला. त्याच्या मते पहिली चेनच खराब निघाली होती.

मी खुर्चीत बसून बघत होतो. आठही ओळी मला पाठ होत्या. त्यातली एकही तोंडात येईना.

“तानबा, ढिली कर,” मी म्हणालो.

“काऊन?”

मी उठलो. गाडी खांबाला टेकवलेली होती. तिसऱ्या प्रयत्नात माझा पाय पलीकडे गेला आणि मी रोहीवर बसलो. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी त्याला म्हणालो, एक हात चेनला लाव आणि माझ्यासकट गाडी खाली दाब. तो म्हणाला, मास्तर, तुमच्या वजनानं काय दबते हे. म्हणून म्हणालो, तूही टाक वजन. त्याने सीटच्या मागच्या टोकावर छाती टेकवली आणि सगळा भार टाकला. शॉकअप कण्हत दबला.

चेन तारेसारखी ताठ झाली. त्याने भार काढला, ती सैलावली. पुन्हा टाकला, पुन्हा ताठ. चार वेळा त्याने केलं. चौथ्या वेळी त्याने तिला नखाने टिचकी मारली आणि ती वाजली.

मग तो खाली बसला, नट सैल केला, चाक पुढे घेतलं. चेनखाली आपली तीन बोटं घातली. मला गाडीवरूनच वाकवून, हात ओढून माझीही घालून पाहिली. ती अघळपघळ गेली.

“तुमची का माही?”

“तुझी,” मी म्हणालो. यासाठी मला विचार करावा लागला नाही, याचंच मला नवल वाटलं.

त्याने नट आवळला. पाना फडक्याने पुसून बाजूला ठेवला. मी अजून गाडीवरच होतो, उतरायचं कसं ते कळत नव्हतं.

“मास्तर,” तो म्हणाला, “हे असं सांगाले पाह्यजे होतं. पुस्तकात काऊन नाई लिवलं तुमी?”

“लिहिलं होतं.”

“मंग?”

“खोडलं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं.  मग दंडाला धरून मला खाली उतरवलं आणि पुढच्या गाडीकडे गेला, तिची चेन सोडायला.

टेबलाखाली पुस्तिकांचे खोके होते, एक सोडून सगळे अजून न फोडलेले. आतल्या खोलीत माधवी फोनवर गुंजनच्या आईला सांगत होती, चूक आमचीच, काकू, माझीच. मी दारात जाऊन उभा राहिलो. तिचं बोलणं संपलं की चूक माझी होती हे सांगायचं होतं. तोवर मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो, आणि ते तीनदा बदलून झालं होतं.