शेवटची वायर

अन्सेल्मोने बटण दाबलं. संगणकाच्या डब्यातला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धाच फेरा.

"तातय, बटणाचा जीव घ्याल," क्रिस्पिन सासऱ्याला म्हणाला.

"बटण नवीन आहे. जावई जुना झालाय."

क्रिस्पिन हसला आणि डब्यावर वाकला. जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून सासऱ्याने हा संगणक एकेक सुटा भाग आणून जोडला होता. मारिकिना शहरातल्या जीपनींचं, म्हणजे प्रवासी गाड्यांचं, वायरिंग करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि क्रिस्पिनही त्याच्याच हाताखाली शिकला होता. आतल्या वायरी एका रेषेत, दोऱ्याने घट्ट बांधलेल्या होत्या. सगळं नवंकोरं होतं. जुनी होती ती खालच्या कोपऱ्यातली हार्ड डिस्क.

तिच्यात अन्सेल्मोच्या बायकोची, फेलिसिदादची गाणी होती. रविवारी दुपारी ती माइक घेऊन गायची आणि तो रेकॉर्ड करायचा. ती गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती. फेलिसिदाद गेली, त्याच पावसाळ्यात नदीचं पाणी खिडकीपर्यंत चढलं आणि जुना संगणक चिखलातून निघाला. अन्सेल्मोने डिस्क तेवढी सोडवली, पुसली आणि तांदळाच्या पिंपात पुरून ठेवली, ओला मोबाइल ठेवतात तशी. दुकानात द्यायला तो तयार नव्हता. "बदलून दुसरीच हातात देतील," म्हणायचा.

उद्या दुखवटा उतरवायचा होता. वर्षभराचे काळे कपडे घडी करून ठेवायचे, रंगीत घालायचे, नातेवाइकांना जेवू घालायचं. फादरांची प्रार्थना झाली की सगळ्यांना तिचा आवाज ऐकवायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"तातय, सुरू झाला का?" स्वयंपाकघरातून त्याच्या मुलीने, लिगायाने विचारलं.

"होतोय. तू नारळाचं दूध बघ, फुटेल."

"माझं दूध नाही फुटत. तुमचंच बघा."

"कुठेतरी शॉर्ट असणार," क्रिस्पिन म्हणाला. "एकेक काढून बघू."

त्याने मेमरीची एक पट्टी काढली. अन्सेल्मोने बटण दाबलं. अर्धा फेरा. ग्राफिक्स कार्ड काढून पडद्याची वायर मदरबोर्डला लावली, पुढच्या दिव्यांची वायर काढली, मागचा पंखा काढला. टॉवेलवर सुट्या भागांची रांग वाढत गेली. फेरा अर्धाच राहिला.

"मदरबोर्डच खराब आलाय बहुतेक," क्रिस्पिन म्हणाला. "बदलून आणावा लागेल. उद्यापर्यंत नाही जमायचं."

अन्सेल्मोने रांगेकडे पाहिलं, मग डब्यात.

"डिस्कची वायर राहिली."

"तिचा काय संबंध, तातय."

"शॉर्ट शोधताना एक वायर सोडून द्यायची, हे मी शिकवलं होतं तुला?"

क्रिस्पिनने हात पँटला पुसले. पुढे झाला नाही. मग अन्सेल्मोनेच दोन बोटांत धरून वायर ओढली. खाचेतून तांदळाचा एक दाणा टॉवेलवर पडला. त्याने बटण दाबलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, आणि दोघंही ती वाचत असल्यासारखे उभे राहिले.

"तुला माहीत होतं," अन्सेल्मो म्हणाला.

"लिगायाने डिस्क दुकानात दाखवली होती. नाताळच्या आधी, तुम्ही चर्चला गेला होतात तेव्हा." क्रिस्पिनने आवाज खाली आणला. "आतून गंजलीय, काही निघणार नाही, दुकानदार म्हणाला. दुसऱ्याला दाखवली. तोही तेच."

"मग बोलली का नाही?"

"त्याच दिवशी तुम्ही घरी येऊन या डब्याचं चित्र काढायला बसलात. नानय गेल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून जेवायला मागितलंत. ती म्हणाली, राहू दे."

अन्सेल्मोने तांदळाचा दाणा बोटाच्या टोकाने उचलला. काय करावं न सुचून खिशात टाकला.

चपलांचा आवाज जवळ आला. त्याने मागचा स्विच बंद केला, वायर जागच्या जागी खोचली, स्विच पुन्हा चालू केला आणि बटण दाबलं. अर्धा फेरा.

लिगाया दारात उभी राहिली. हातात कालथा, अंगात काळा ब्लाउज.

"नाही झाला?"

"मदरबोर्ड खराब आलाय, तुझा नवरा म्हणतो. बदलून आणावा लागेल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो स्क्रू गोळा करत होता.

"मग उद्या?"

"उद्या राहू दे. पुढच्या आठवड्यात बघू."

तिचे खांदे सैल झाले. "घाई नाही, तातय. सावकाश करा."

"सावकाशच करणार. उद्या तूच म्हण तिचं एखादं गाणं."

"मी? पाहुणे उठून जातील."

"जाऊ देत. जेवण उरेल."

ती हसत आत गेली. क्रिस्पिनने डिस्कच्या वायरीकडे हात नेला. अन्सेल्मोने त्याचं मनगट धरलं.

"लागलेली राहू दे."