दोन टेकड्यांची एक डबी

मित्रांनो, मी एक जुना शंख आहे. समुद्रातला नव्हे, गोगलगाईचा. तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. 'गोगलगाय आणि पोटात पाय' म्हणून माणसं आम्हाला लबाड ठरवतात. आमचा पाय पोटालाच असतो, त्याला आम्ही काय करणार?

मी चुनखडीच्या टेकडीवर वाढलो. गोगलगाय जन्मभरात किती सरकणार? म्हणून आमची जात त्या एकाच टेकडीवर राहिली. माझ्यातली गोगलगाय मेली आणि एका दुपारी मी गोगलगायींचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंच्या हाती लागलो.

बाईंनी आमच्या कुळाची वर्गवारी करण्यात वीस वर्षं घालवली. वेढे किती, तोंड डावीकडे की उजवीकडे, शंखाच्या तोंडाशी दातांसारखे उंचवटे, म्हणजे आमचे 'दात', किती, यावरून त्या जाती ओळखत. माझे तीन दात पाहून त्या हरखल्या. अशी जात कुणी पाहिलीच नव्हती. मलाही मोठा अभिमान वाटला.

पण घोटाळा आधीच झाला होता. त्या दिवशी बाईंकडे एकच डबी उरली होती. माझ्या टेकडीवरचे आणि पलीकडच्या टेकडीवरचे शंख त्यांनी तिच्यातच टाकले. सोबत त्यांची मोठी बहीण होती. ती म्हणाली, "अगं, कुठला शंख कुठे सापडला, ती चिठ्ठी आत्ताच लिही."

"माझ्या लक्षात राहतं गं, ताई."

घरी आठवणीनं लिहिताना माझ्या चिठ्ठीवर पलीकडची टेकडी आली. नकाशावरचा ठिपकाही तिथेच पडला.

पुढे चुन्यासाठी माझी टेकडी फोडायचं ठरलं. तिथे एखादी दुर्मीळ गोगलगाय आहे का, असं खाणीला परवानगी देणाऱ्या साहेबांनी बाईंना विचारलं. बाईंनी नकाशा पाहिला, नाही म्हणून लिहून दिलं आणि सही केली. सुरुंग लागले. दोन वर्षांत तिथे सपाट मैदान झालं.

मग बाई माझे जिवंत भाऊबंद शोधायला पलीकडच्या टेकडीवर गेल्या. तीन पावसाळे दोघी बहिणींनी दगड उलटले. एकही सापडला नाही. शेवटी त्यांनी मला पुन्हा भिंगाखाली घेतलं आणि आतल्या वेढ्यात अडकलेली माती सुईनं काढली. ती पांढरीशुभ्र चुन्याची होती. पलीकडे तर पांढरा दगड औषधालाही नाही.

बाईंनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "ताई, सही माझी होती."

त्यांनी चिठ्ठी दुरुस्त केली. आता तिच्यावर जागेचं नाव बरोबर आहे, फक्त जागा उरलेली नाही. मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, काहीही उचललंत, तर कुठून उचललं ते तिथेच उभं राहून लिहा. घरी जाईपर्यंत थांबू नका.