एकाच हाताचा आकडा

"सिस्टर, हेही मशीन खोटं बोलतंय," रक्तदाबाचं यंत्र टेबलावर ठेवत मशीनकाका म्हणाले. "परत उघडून पाहिलं. दोष सापडत नाही, आणि आकडा मात्र चढाच."

दवाखान्याच्या तळघरात ते ही यंत्रं दुरुस्त करत. जिवंत हाताला लावून पाहिल्याशिवाय यंत्र वॉर्डात पाठवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. पूर्वी तो हात बायकोचा असे. काका यंत्र घरी नेत आणि ती बाही सरकवून बसे. "लोक बायकोचा हात हातात घेतात, आमचे हे पट्टा बांधतात," असं शेजारणीला सांगे. तिचा रक्तदाब इतका एका जागी, की काका त्यावरून यंत्र पारखत. ती गेल्यापासून ते घरी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधत होते. आणि तेव्हापासून यंत्रं बिघडत होती.

"सगळी मशीनं एकाच माणसाशी खोटं बोलतात होय?" सिस्टरनं त्यांचा हात टेबलावर घेतला. "सैल सोडा. जेवलात का? दाढी का नाही केली?"

पट्टा फुगला, उतरला. आकडा ठीक होता. तिनं स्वतःच्या दंडालाही लावून पाहिलं.

"काका, मशीन बरोबर आहे."

"मग घरी?"

"घरीही बरोबरच होतं."

काका पट्ट्याची घडी घालत राहिले.

"घरी कोण असतं?"

"मशीन असतं की."

सिस्टर हसली नाही. "उद्या डॉक्टरांना दाखवा. आणि डबा एकट्यानं खाऊ नका. वर येत जा आमच्यात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. दुपारी काका डबा घेऊन वर गेले. सिस्टरची पाळी बदलली होती. नर्सांच्या खोलीत हसणं-खिदळणं चाललं होतं. काका दारात दिसताच ते थांबलं.

"काय काका, काय बिघडलं?" एका नव्या नर्सनं विचारलं.

"काही नाही. चालू द्या तुमचं."

परतताना रक्तदाब तपासायच्या खोलीबाहेर रांगेचं बाकडं लागलं. एक म्हातारी सरकली. "बसा. तुमचाही चढतो का?"

"घरी चढतो."

"माझाही मेला घरीच."

काका डबा मांडीवर घेऊन बसले. आतून "पुढचे कोण?" अशी हाक आली. म्हातारी मागे सरकल्यानं त्यांचाच नंबर लागला होता.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हातारीला म्हणाले. तिच्यामागच्यालाही त्यांनी वाट दिली. मग बाही वर सरकवून ते बाकड्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसले.